सेफ्टी आणि सिक्युरिटी : दारांच्या कुलपांच्या मजकुरात फरक कसा दाखवावा?

शब्दपारखी

नमस्कार मंडळी. एका कार्यालयीन इमारतीच्या दारांच्या कामाचं निविदापत्र इंग्रजीतून मराठीत आणायचं आहे. जिन्याकडच्या आणि मुख्य दारांपुढे ‘फेल-सेफ’ लिहिलंय, सर्व्हर रूम आणि रोकड ठेवायच्या खोलीपुढे ‘फेल-सिक्युअर’. शब्दकोशात सेफ म्हणजे सुरक्षित, सिक्युअर म्हणजेही सुरक्षित. दोन्हीकडे ‘बिघाड झाल्यास सुरक्षित’ लिहिलं तर सगळी दारं एकसारखी बसतील, आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसं मराठी प्रतच वाचणार आहेत. सेफ्टी आणि सिक्युरिटीत नेमका फरक काय, आणि इथे मराठीत काय लिहावं?

अर्थाअर्थी

कसोटी एकच लावा: इजा करणाऱ्याच्या मनात हेतू आहे का? आग, शॉर्ट सर्किट, ओल्या फरशीवरून घसरणं, औषधाची चुकलेली मात्रा यांच्यामागे कुणाचा डाव नसतो. त्यांच्यापासून बचाव म्हणजे सेफ्टी. चोर, घुसखोर, हॅकर हे ठरवून येतात. त्यांच्यापासून बचाव म्हणजे सिक्युरिटी. या एका फरकामुळे कामाची पद्धतच पालटते. गंज किंवा झीज तुमचा उपाय बघून आपली वाट बदलत नाही, त्यामुळे जुन्या नोंदींवरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. चोर मात्र उपाय बघूनच पुढची चाल ठरवतो. म्हणून बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा प्रत्येक मजल्यावर ठळक लावतात, आणि कॅमेरा कुठे पोहोचत नाही हे कुणाला सांगत नाहीत.

सिक्युरिटीला आणखी एक पदर आहे, तो भाषांतरात नेहमी निसटतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘काळजीविना’, म्हणजे निर्धास्त. त्या अर्थाने सिक्युरिटी म्हणजे हमी. तिथूनच सिक्युरिटी डिपॉझिट म्हणजे अनामत, सिक्युअर्ड लोन म्हणजे तारणी कर्ज, सिक्युरिटीज म्हणजे रोखे. आणि क्रियापद म्हणून ‘सिक्युअर’ म्हणजे पक्कं बांधणं किंवा घट्ट बसवणं. ‘सिक्युअर द लॅडर’चं ‘शिडी सुरक्षित करा’ असं भाषांतर छापलेलं दिसतं. वाचणाऱ्याने त्यावर काय करायचं? तिथे ‘शिडीचं वरचं टोक दोरीने बांधा’ असंच हवं. उलट ‘सेफ’ हे नाम आलं तर ती चक्क तिजोरी, म्हणजे सिक्युरिटीचीच वस्तू.

गोंधळ फक्त तुमच्या कागदात नाही. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा हा अन्नात भेसळ वा दूषितपणा नसावा यासाठी. पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक त्यातला. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा हा धान्य मिळण्याची हमी देणारा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो त्यातलं. पहिला सेफ्टीचा, दुसरा सिक्युरिटीचा, आणि मराठीत दोन्ही अन्नसुरक्षाच. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यंत्राला जाळी आहे का ते बघतं, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल फाटकावर बंदूक घेऊन उभं असतं; दोघांच्याही नावात औद्योगिक सुरक्षा. तेव्हा ‘सुरक्षा’ या शब्दावर भिस्त ठेवून निविदापत्र लिहू नका. माझं मत असं की सर्वसाधारण मजकुरात सेफ्टीला ‘सुरक्षितता’ आणि सिक्युरिटीला ‘सुरक्षा’ असा भेद पाळावा आणि तो सुरुवातीलाच व्याख्येत सांगून टाकावा. दारांबद्दल जाणकार सांगतीलच.

लोहचुंबक

दारांपुरतं बोलतो. इथे हे दोन शब्द गुणाचे नाहीत, वागणुकीचे आहेत. फेल-सेफ म्हणजे वीज गेली की कुलूप सुटतं. फेल-सिक्युअर म्हणजे वीज गेली तरी कुलूप लागलेलंच राहतं. पहिल्यात माणसाचा जीव आधी, दुसऱ्यात आतला माल आधी.

ईएम लॉक, म्हणजे चुंबकी कुलूप, जन्मतः फेल-सेफ असतं. चौकटीवर विद्युतचुंबक, पाख्यावर (दाराच्या उघडणाऱ्या फळीवर) लोखंडी आर्मेचर प्लेट. वीज आहे तोवर पकड. आपल्याकडे ६०० पौंडी, म्हणजे साधारण २७० किलो पकडीचं कुलूप सर्रास लावतात. १२ व्होल्टवर ते अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह खातं. इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे कुलपाची जीभ अडवणारा चौकटीतला विजेवर चालणारा खाचा, मात्र दोन्ही प्रकारचा मिळतो. काही मॉडेलांत एक स्क्रू फिरवून प्रकार बदलता येतो, म्हणूनच नुसतं ‘इलेक्ट्रिक स्ट्राइक’ लिहिणं पुरेसं नाही. कारखान्यातून येताना तो ज्या स्थितीत असेल तसाच बसवला जातो.

आता जिथे हमखास चुकतं ते. कागदावर ‘फेल-सेफ’ लिहिलेलं असतं आणि कुलपाच्या वीजपुरवठ्याच्या डबीत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. आगीत मेन स्विच पडतो, सगळ्यांना वाटतं आता दार सुटेल. पण बॅटरी कुलपाला वीज देतच राहते. हिशोब करा: ७ भागिले ०.५ म्हणजे कागदावर चौदा तास. बॅटरी जुनी असेल तर कमी, पण धुरात अडकलेल्यांना तेही फार जास्त. फायर पॅनेलचा, म्हणजे आगीच्या अलार्मच्या नियंत्रण पेटीचा, संपर्क पुरवठ्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला जोडला की नेमकं हेच होतं. तो संपर्क बॅटरीच्या पुढे, कुलपाकडे जाणाऱ्या तारेतच हवा.

त्यातही एक बारकावा. एनसी, म्हणजे रिले (विजेवर चालणारा स्विच) निवांत असताना जोडलेला, संपर्क वापरला तर अलार्म वाजल्यावर दार सुटतं, पण पॅनेलच बंद पडलं तर सुटत नाही. म्हणून रिलेला एरवी वीज देऊन तो नेहमी खेचलेला ठेवावा आणि कुलपाची वीज त्याच्या एनओ, म्हणजे रिले निवांत असताना तुटलेल्या, संपर्कातून न्यावी. मग अलार्म होवो, पॅनेल मरो की रिलेची तार तुटो, दार सुटतंच. पॅनेलमधल्या रिलेची क्षमता बघा. दोन पाख्यांना दोन कुलपं असतील तर प्रवाह दुप्पट होतो, तेव्हा मध्ये वेगळा रिले घ्या.

एक्झिट बटणावर विसंबू नका. ते बहुतेक वेळा कंट्रोलरला, म्हणजे दारं चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला, निरोप देतं आणि कंट्रोलर दार सोडतो. कंट्रोलर अडकला की बटण दाबून काही होत नाही. शेजारी हिरवी ब्रेक-ग्लास पेटी (आणीबाणीत काच दाबून चालवायची) हवी आणि तिने कुलपाची तार थेट तोडली पाहिजे.

बसवणीत आणखी दोन चुका. आर्मेचर प्लेटच्या मधल्या बोल्टखालचा रबरी वॉशर काढून ती करकचून आवळतात. प्लेट थोडी डोलायला हवी, नाहीतर चुंबकाला सपाट चिकटत नाही आणि पकड बरीच कमी होते. आणि लांब अंतराला बारीक तार वापरतात. टोकाशी १२ चे साडेदहा व्होल्ट उरतात आणि दार जोराने ओढलं की उघडतं. पहिली नजर ‘कुलूप हलक्या कंपनीचं’ अशी जाते, दोष तारेचा असतो.

रूळतपासनीस

वरच्या उत्तरात एक भर. ‘फेल-सेफ’ म्हणजे ‘उघडतं’ असं समीकरण दारापुरतंच ठेवा. रेल्वेत त्याचा अर्थ ‘थांबवतं’ असा होतो. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की वजनामुळे हात आपोआप आडवा होतो, म्हणजे गाडी थांबवा. ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या विजेच्या मंडलात, वीज खंडित झाली की रिले पडतो आणि रूळ मोकळा असला तरी ‘व्यापलेला’ दिसतो. प्रक्रिया कारखान्यांतही तेच: भट्टीच्या गॅसचा व्हॉल्व्ह हवेचा दाब गेला की स्प्रिंगने बंद व्हायला हवा, थंड पाण्याचा उघडायला हवा. दोन्ही फेल-सेफच, वागणं उलटं. म्हणून तिथली मंडळी आराखड्यावर सरळ ‘फेल-क्लोज’, ‘फेल-ओपन’ लिहितात.

शब्दांचं म्हणाल तर रेल्वेच्या हिंदी कारभारात हा भेद पूर्वीपासून पाळला जातो. सेफ्टी म्हणजे संरक्षा, सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा. गंभीर अपघाताची चौकशी रेल संरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. मराठीत मात्र ‘संरक्षण’ म्हटलं की सैन्य डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे ही जोडी जशीच्या तशी उचलावी असं मला वाटत नाही.

शब्दपारखी

फार उपयोगी, आभार. एक अडचण राहते. जिन्याच्या दारातून बाहेरचं कुणी आत येऊ नये अशीही अट आहे, म्हणजे तिथे सिक्युरिटी हवी. आणि सर्व्हर रूम फेल-सिक्युअर ठेवली तर आतला माणूस वीज गेल्यावर कोंडला जाईल का?

वाट_मोकळी

अग्निसुरक्षेच्या बाजूने लिहितो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: कोंडला जाता कामा नये. फेल-सिक्युअर हे फक्त बाहेरच्या बाजूला लागू. आतल्या मुठीने दार यांत्रिक पद्धतीने, विजेशिवाय, किल्ली वा कार्डाशिवाय उघडलंच पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात बाहेर पडायच्या दारांबद्दल हाच दंडक आहे: ज्या बाजूची माणसं त्यातून बाहेर पडणार, त्या बाजूने ते किल्लीविना उघडावं. म्हणून सर्व्हर रूमला फेल-सिक्युअर स्ट्राइक आणि आतून साधी मूठ. ईएम लॉक तिथे मुळात बसत नाही, कारण वीज गेली की ते मोकळं.

जिन्याच्या दाराला पॅनिक बार लावा. आतून छातीच्या रेट्यानेही दांडी दबते आणि दार बाहेर उघडतं, बाहेरून हाताला धरायला काही नाही. विजेचा संबंधच नाही, त्यामुळे फेल-सेफ की फेल-सिक्युअर हा वादही नाही. गैरवापराची भीती असेल तर दारावर भोंगा बसवा. कुणी उघडलं की वाजेल. कडी, साखळी, टाळं मात्र एक दिवसही नको.

हे ठासून सांगायचं कारण आहे. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगारांनी माल नेऊ नये म्हणून त्यांना एकाच वाटेने, पिशव्या तपासून बाहेर सोडायची रीत होती. १४६ जण गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. चोरी थांबवायला लावलेलं कुलूप जीव घेऊन गेलं.

विमानांत हाच पेच अजून सुटलेला नाही. अमेरिकेतल्या २००१ च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटची दारं मजबूत केली, बाहेरून घुसता येऊ नये म्हणून. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर गेल्यावर सहवैमानिकाने त्याच दाराला आतून कुलूप घातलं आणि विमान डोंगरावर घातलं, १५० मृत्यू. त्या एअरबसमध्ये बाहेरून आणीबाणीचा कोड टाकला तर थोड्या वेळाने दार सुटतं, पण आतल्या वैमानिकाने ‘लॉक’ दाबलं तर कोड काही मिनिटं निकामी होतो. सिक्युरिटीसाठी तेच बरोबर आहे: धाक दाखवून कोड मिळवलेल्या अपहरणकर्त्याला रोखण्यासाठी ती सोय. धोका आत असू शकतो हे त्या रचनेत बसत नव्हतं. विशेष म्हणजे विमानाची वीज गेली तर हे दारही सुटतं, म्हणजे वागणुकीने ते फेल-सेफ आहे.

लोहचुंबक

वाट_मोकळी यांच्याशी पूर्ण सहमत. मजकूर असा लिहिता येईल, विशेषण टाळून:

‘मुख्य दार: कुलपाचा वीजपुरवठा खंडित होताच, तसेच फायर अलार्म वाजताच, कुलूप सुटेल व दार दोन्ही बाजूंनी हाताने उघडेल. फायर अलार्म वाजल्यावर बॅटरी चालू असतानाही कुलूप सुटले पाहिजे.’

‘सर्व्हर रूम: वीज खंडित झाली तरी दार बाहेरून बंद राहील. आतून मूठ फिरवून, किल्ली, कार्ड वा विजेविना, ते कायम उघडेल.’

मुख्य दाराच्या कलमातलं शेवटचं वाक्य कुणी ‘अनावश्यक’ म्हणून कापू देऊ नका. सगळी मेख त्यात आहे. इंग्रजी संज्ञा पुढे देवनागरीत ठेवा, कारण दुकानात माल त्याच नावाने मागतात.

शब्दपारखी

‘सुटेल’ आणि ‘उघडेल’ हे दोन वेगळे शब्द मुद्दाम ठेवलेत ना?

लोहचुंबक

हो. सुटतं ते कुलूप, उघडतं ते दार. दाराला वर क्लोजर (दार आपोआप बंद करणारा) असतो, फरशी फुगलेली असते, पाखा चौकटीला घासतो. कुलूप सुटूनही दार हलत नाही असं होतं.

वाट_मोकळी

म्हणूनच ताब्यात घेताना नुसता रिलेचा टक् आवाज ऐकून सही करू नका. मेन स्विच पाडा, बॅटरी जोडलेलीच ठेवा आणि मुख्य दार ओढून बघा: ते बंदच राहायला हवं, म्हणजे बॅटरी काम करते आहे. मग त्याच स्थितीत फायर पॅनेलवरून चाचणी अलार्म द्या. आता दार एका हाताने उघडलं पाहिजे. अलार्म रद्द करून हिरवी पेटी दाबा, पुन्हा उघडलं पाहिजे. शेवटी बॅटरीची तार काढा आणि प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी तपासा, सर्व्हर रूममध्ये एक माणूस आत उभा करून. महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचा नमुना ‘ब’, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो, त्याच सुमाराला हीच फेरी पुन्हा करा आणि दाराच्या क्रमांकासह वहीत नोंदवा.