उत्तर: डीबीवरमधून पोस्टग्रेसला कनेक्शन होत नाही

मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचा पोस्टग्रेस डेटाबेस क्लाउड सर्व्हरवर आहे आणि विश्रामबागेतल्या घरून डीबीवरमध्ये (डेटाबेस बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर वरच्या प्रतिसादात पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार, सगळ्यांना उघडा असा सल्ला आलाय. कृपा करून तसं करू नका. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि बँक खाती आहेत त्यात.

रिफ्यूज्ड म्हणजे पासवर्ड चुकला असं नाही, तिथवर गाडी पोचलेलीच नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरूनच, म्हणजे लोकलहोस्टवरूनच, ऐकतं. फायरवॉल अडवत असती तर बहुधा बराच वेळ थांबून टाइमआउट आला असता.

एसएसएच टनेल वापरा, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन करायच्या सुरक्षित वाटेतूनच डेटाबेसपर्यंत जा. कनेक्शनच्या खिडकीत एसएसएचचा टॅब आहे, तिथे टनेल चालू करून सर्व्हरचा आयपी, पोर्ट २२, लिनक्सचा (सर्व्हरवर लॉगिन करायचा) युजर आणि की फाइल (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) द्या. मग मेन टॅबवर या. इथेच बहुतेकांचं अडतं: होस्टच्या रकान्यात परत सर्व्हरचा आयपी टाकतात. तिथे लोकलहोस्टच हवं, कारण तो पत्ता टनेलच्या पलीकडच्या टोकावरून बघितला जातो. पोर्ट ५४३२, आणि युजर-पासवर्ड पोस्टग्रेसचे, लिनक्सचे नव्हेत.

टेस्ट कनेक्शन दाबल्यावर ड्रायव्हर डाउनलोड करायला विचारेल, करू द्या. आता 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं तर वाट सापडली समजा, फक्त युजर-पासवर्ड तपासायचे राहिले.

दिवाणजींना नुसते सौदे बघायचे असतील तर त्यांना फक्त सिलेक्टचा, म्हणजे नुसतं वाचायचा, अधिकार असलेला वेगळा युजर काढून द्या.