चालता डेस्कटॉप बदलावा की थांबावं?

पत्रिकावाली: माझा डेस्कटॉप २०१७ चा. इंटेल आय५-७४००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. काम म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं आणि संध्याकाळी थोडं टॅली. सकाळी बटण दाबून चहा टाकते. चहा उकळून, गाळून कपात येतो तेव्हा कुठे आयकॉन दिसायला लागतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी लागते आणि माझी सातवी, म्हणजे एका पायरीने हुकलं. दुकानदार म्हणतो, पूर्ण नवीन घ्या. पण या मशीनने एकदाही दगा दिलेला नाही हो!

रोखठोक: घेऊन टाका. धंद्याचं मशीन आहे, शोकेसमधलं नाही. त्यावरून बँकेचं लॉगिन करत असाल तर अपडेट बंद झालेली विंडोज म्हणजे कडी न लावलेलं दार. शिवाय इतकी जुनी हार्डडिस्क बसणार ती नेमकी लग्नसराईत.

जुनंतेसोनं: ताई, प्रोसेसर बिचारा ठीक आहे, रडतेय ती हार्डडिस्क. सुरू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल. विंडोज उठताना हजारो बारीक फाइली वाचते आणि हार्डडिस्कचं हेड त्यासाठी इकडून तिकडे धावत बसतं. त्याऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क घ्या, तीत फिरणारं काहीच नाही. बोर्डावर एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी खोचायची जागा नसेल तरी हार्डडिस्कच्याच साटा केबलवर चालणारी २.५ इंची एसएसडी बसते. आणि नवीन आत्ता कशाला? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅम कडाडलीय. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

रोखठोक: मग थांबायचं कुणाच्या भरवशावर? उद्या स्वस्त होईल असं कुणी लिहून दिलंय? विंडोज १० चे जादा सुरक्षा अपडेट घरगुती ग्राहकांना जाहीर झाले तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

जुनंतेसोनं: तेवढी मुदत पुरे की. तोवर बघू.

पेटीउघडा: नुसता प्रोसेसर बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका. मला एका दुकानदाराने 'सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) तोच, ११५१' म्हणून आठव्या पिढीचा आय५-८४०० गळ्यात मारला. घरी आणून जुन्या एच११० बोर्डावर बसवला, पेस्ट लावली, फॅन फिरला आणि स्क्रीन काळी ती काळीच. आठव्या पिढीला बोर्डावर ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) लागतो हे मागाहून कळलं. परत घेताना त्याने पेस्टचा डाग दाखवून पैसे कापले.

पेंग्विनभाऊ: विंडोज काढून लिनक्स टाका, सगळे प्रश्न मिटतील.

पत्रिकावाली: भाऊ, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) तिथे चालवून द्याल का?

(पेंग्विनभाऊ गायब.)

पत्रिकावाली: टास्क मॅनेजर पाहिला. चार मिनिटं डिस्क १०० वर, प्रोसेसर जेमतेम २०. म्हणजे एसएसडीच घ्यावी म्हणते. मुलाने डिस्कची तब्येत तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पण लावून बघितलं, हार्डडिस्कपुढे पिवळ्यात 'कॉशन' आलंय. हे काय असतं?

रोखठोक: डिस्क बिघडू लागल्याचा इशारा आहे तो. वाद राहू दे बाजूला. आत्ता उठा आणि पत्रिकांच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा.

जुनंतेसोनं: यावर एकमत. आजच करा, आणि होईपर्यंत मशीन बंद करू नका.