एस्टा (अमेरिकेची ऑनलाइन प्रवास परवानगी) रद्द झाला, फ्लाइट मंगळवारची, दादाला फ्रँकफर्टलाच उतरता येईल का? मदत हवी आहे

मंडळी, तातडीने सल्ला हवाय. शक्यतो ज्यांच्या घरात कुणाचा युरोपियन पासपोर्ट आहे त्यांनी सांगा, कारण इथे इंदूरला ज्याला विचारावं तो भारतीय पासपोर्टचाच हिशोब सांगतो.

माझा दादा तीस वर्षं जर्मनीत आहे, पासपोर्ट जर्मन, ओसीआय कार्ड आहे. दिवाळीला दादा-वहिनी इंदूरला आले आणि इथूनच पुढे अमेरिकेला जायचं ठरलं होतं, भाची न्यू जर्सीला असते, तिचं पहिलं बाळंतपण आहे, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीये. तिकीट इंदूर-मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूअर्क, सगळं एकाच पीएनआरवर. काल सकाळी पोहे खाता खाता दादाने मेल उघडला तर एस्टाचं स्टेटस बदललंय म्हणे, साइटवर पासपोर्ट नंबर टाकून बघितलं तर 'ट्रॅव्हल नॉट ऑथोराइज्ड'. बशी तशीच राहिली. जर्मन पासपोर्टवाल्यांना फिरायला जायला व्हिसा लागत नाही, एस्टा ही ऑनलाइन परवानगी पुरते, ती दोन वर्षं चालते आणि त्याची जून २०२४ ची होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

कारण निघालं क्युबा. या फेब्रुवारीत दोघं आठ दिवस हवानाला जाऊन आले. १२ जानेवारी २०२१ नंतर जो क्युबाला गेलाय त्याला एस्टावर जाता येत नाही, रीतसर व्हिसाच काढावा लागतो (इराण, इराक, सीरियाचंही असंच, तिथे १ मार्च २०११ पासून धरतात). फॉर्म भरला तेव्हा तो क्युबाला गेलेलाच नव्हता, खोटं काही लिहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगते कारण त्याच गोष्टीने तो खचलाय.

आणि वहिनीने भारतीय पासपोर्ट सोडलाच नाही, तिचा अमेरिकेचा दहा वर्षांचा बी१/बी२ (फिरायला जायचा) व्हिसा चालू आहे, तिला काहीच अडचण नाही, कारण क्युबाचा हा नियम एस्टापुरताच आहे. म्हणजे एकाच ट्रिपला गेलेली दोघं, आई लेकीकडे जाणार आणि बाप नाही. वाईट वाटतं हो.

शेजारचे काका म्हणाले मुंबईला बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन व्हिसा काढा. पण ६ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलंय की इंटरव्ह्यू आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच द्या. म्हणजे दादासाठी बर्लिन, फ्रँकफर्ट नाहीतर म्युनिक. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, १८५ डॉलर फी, आधी मिळेल ती तारीख घ्यायची आणि मग लवकरच्या तारखेसाठी अर्ज टाकायचा. फॉर्म रात्री आम्ही दोघांनी बसून भरला.

आता मला हे विचारायचंय की तिकीट न बदलता तो मुंबईला चेक-इनला गेला तर फ्रँकफर्टपर्यंत तरी बसू देतील का? परवानगी काउंटरलाच तपासतात, मग अख्ख्या प्रवासालाच नाही म्हणाले तर? आणि बॅगांना न्यूअर्कचा टॅग लागला तर त्या पुढे जाणार आणि हा मागे राहणार. शिवाय बाळंतपणाच्या कारणावरून लवकरची तारीख कुणाला मिळालीये का, डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं का?

आईने जुन्या नऊवारीची दुपटी शिवलीत, चार आहेत, अळीवाचे लाडू, सगळा बाळंतविडा दादाच्याच बॅगेत आहे. आई ८६ वर्षांची आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

अपडेट: एअरलाइनला फोन लागला. दोघांचं पीएनआर वेगळं करून दादाचं तिकीट फ्रँकफर्टपर्यंतच करून देतील, फरकाचे पैसे भरावे लागतील, पण विमानतळावर नाही, आधीच करून घ्या म्हणाले. ते करतोय. बाळंतविडा काढून वहिनीच्या बॅगेत भरला, तेवीस किलोच्या वर जातंय म्हणून तिच्या साड्या इथेच ठेवल्या. लवकरच्या तारखेचं मात्र कुणीतरी नक्की सांगा.