बँकेने चेक हरवला (५०१ डॉलर), तातडीचे

मंजिरी, सोमवार १२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी,
शुक्रवारी आपल्या मंडळाच्या खात्यातून ५०१ डॉलर वजा झालेत. शेरा फक्त 'डिपॉझिट करेक्शन'. ३ तारखेला मी काउंटरवर ११ चेक भरले होते, बेरीज ३,४६०. पावती माझ्याकडे आहे. बँक आता म्हणते, आमच्याकडे दहाच चेक आले. फोनवर चाळीस मिनिटं धरून ठेवलं आणि शेवटी बाई काय म्हणाली, तर "तुमच्या पर्समध्ये राहिला असेल, नीट बघा."

गेलेला चेक नानांच्या देणगीचा आहे, २८ डिसेंबरच्या सभेत दिलेला. नाना, नवा द्याल का? हॉलचे उरलेले पैसे रविवारच्या आत भरायचेत आणि गेल्या संक्रांतीला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.
मंजिरी

संजय, रात्री ९:४६

परत एकदा सांगतो. चेक सोडा, फोनवरून थेट खात्यात पैसे पाठवायचं झेल (Zelle) वापरा. झेल. झेल. झेल.

श्रीकांत, रात्री १०:१५

संजय, गेल्या गणपतीत झेलवर आलेले ७५ डॉलर कोणाचे, हे अजून कळलेलं नाही. चेकवर निदान नाव असतं.

नाना, मंगळवार १३ जानेवारी, पहाटे ५:२०

चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद.
नवीन चेक देण्यास माझी हरकत नाही. परंतु जुना चेक उद्या कोणाच्या ड्रॉवरमध्ये सापडला आणि वटला तर १,००२ होतील. मंडळावर माझे प्रेम आहे, दुप्पट नाही. जुना चेक वटू नये म्हणून 'स्टॉप पेमेंट' सांगावे, तर त्यासाठी माझी बँक ३० डॉलर घेते. चूक माझी नाही, तुझीही नाही असे तू म्हणतेस. मग हे ३० कोणी भरायचे ते आधी ठरवावे. माझ्या चेकबुकात कार्बन प्रत असते, त्यामुळे क्रमांक, तारीख, रक्कम सर्व लेखी आहे.
नाना

वैशाली, सकाळी ७:५५

नाना, ३० डॉलर मंडळ देईल. संपवू या विषय. तिळगुळाची यादी अजून अर्धी रिकामी आहे, कृपया ती भरा.
वैशाली

श्रीकांत, सकाळी ८:३०

वैशाली, असं परस्पर कसं देता येईल? बँकेच्या चुकीचे पैसे सभासदांच्या वर्गणीतून? आज ३० आहेत म्हणून सोडायचे, उद्या ३०० झाले तर? कार्यकारिणीत ठेव, मग दे.

मी चार वर्षं खजिनदार होतो, एक चेक हरवला नाही. प्रत्येक चेकच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घालायचो आणि त्याच क्रमाने डिपॉझिट स्लिप लिहायचो. ती पद्धत चालू आहे की गेली?

मंजिरी, सकाळी ८:४१

चालू आहे, श्रीकांतदादा. शिक्का तुमचाच, पेन्सिलही तुमचीच. डब्यात होती.

सुधाकाकू, सकाळी १०:०५

नानांची भीती अगदी खरी आहे हो. मी सांगलीला बँकेत होते तेव्हाची गोष्ट. बाहेरगावचे चेक वसुलीसाठी पोस्टाने जायचे, गावातले क्लिअरिंगच्या थैलीत, शिपाई सायकलवर घेऊन जायचा. एका हळदीच्या व्यापाऱ्याचा चेक असाच नाहीसा झाला. शिपायाला काय काय बोलले सगळे! बिचारा दोन दिवस जेवला नाही. मार्चअखेरीला लेजर बांधायला काढलं तर चेक लेजरच्या पुठ्ठ्यात, खळीने चिकटलेला. तोवर व्यापाऱ्याने दुसरा दिलेला. दोन्ही वटले असते तर?

आणि तिकडे रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वसुलीला घेतलेला चेक वाटेत किंवा बँकेत गहाळ झाला तर बँकेने खातेदाराला लगेच कळवायचं आणि दुसरा चेक मिळवायचा खर्चही बँकेनेच सोसायचा. इथे अमेरिकेत पर्समध्ये बघा म्हणतात. छान.

संजय, सकाळी १०:१२

काकू, पुढे काय झालं शिपायाचं?

सुधाकाकू, सकाळी १०:३०

त्याचं काय व्हायचंय? मॅनेजरांनी त्याला चहा पाजला.

निखिल, दुपारी १२:२०

मी चेक स्कॅन करायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो म्हणून थोडं लांब लिहितो.

पूर्वी इथे कागदी चेक खरोखर गठ्ठ्यांनी विमानात भरून एका बँकेतून दुसरीकडे जायचे. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं थांबली आणि चेकही अडकून पडले. त्यानंतर २००३ मध्ये कायदा झाला, 'चेक २१'. तो २८ ऑक्टोबर २००४ पासून लागू आहे. आता कागद शक्यतो शाखेबाहेर जातच नाही. टेलर, म्हणजे काउंटरवरची कॅशियर, तो स्कॅन करते, पुढे जातं ते चित्र. कागद काही दिवस ठेवून फाडून टाकतात.

म्हणजे "चेक कुठे गेला" हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की स्कॅन व्हायच्या आधी गेला की स्कॅन होताना. नवीन चेक एकमेकांना चिकटतात, विशेषतः थंडीत हवा कोरडी असताना. मशीन दोन एकदम ओढतं, पुढचा कॅमेरा एकाची तोंडबाजू बघतो आणि मागचा कॅमेरा दुसऱ्याची पाठ. अशा वेळी सहसा मशीन ओरडतं, पण दर वेळी नाही.

मंजिरी, ऑनलाइन जाऊन त्या डिपॉझिटमधल्या प्रत्येक चेकची दोन्ही बाजूंची चित्रं उघड. पाठीकडे बघ.

नाना, 'सहा महिन्यांनी चेक आपोआप मरतो' असं कोणी सांगितलं तर विसंबू नका. सहा महिन्यांपेक्षा जुना चेक वटवायचं बंधन बँकेवर नसतं इतकंच. वटवला तर वटवला.

सुधाकाकू, दुपारी १२:४४

भारतात तीन महिने. १ एप्रिल २०१२ पासून. त्याआधी सहा होते.

मिलिंद, दुपारी १:१०

एक वेगळा मुद्दा. २५० डॉलर किंवा जास्त देणगी असेल तर लेखी पावती लागते आणि नानांना डिसेंबरची पावती आपण दिलेली आहे. नवा चेक जानेवारीचा असेल तर त्यावर मागची तारीख घालू नका. "काय होतंय" म्हणून लोक घालतात. नाना, टॅक्स भरताना तुमच्या माणसाला हा सगळा प्रकार सांगा. मी मंडळाचे रिटर्न बघतो, तुमचे नाही.

मंजिरी, दुपारी ३:३५

निखिल!!!

सहाव्या चेकची तोंडबाजू: परांजप्यांचा २५१ चा चेक. त्याची पाठ: आपला शिक्का आणि कोपऱ्यात पेन्सिलने बारीक '७'. सात नंबर नानांचा. '६' लिहिलेली पाठ कुठेच नाही.

हे छापून चार वाजता शाखेत जाते. फोनवर आता बोलणार नाही कोणाशी.

श्रीकांत, दुपारी ३:३९

पेन्सिल.

श्रीकांत, दुपारी ३:४०

मी जास्त काही बोलत नाही. फक्त पुढच्या खजिनदाराच्या कागदांत ही पद्धत लेखी असावी. दर वर्षी मी आठवण करायची म्हणजे बरं दिसत नाही.

वैशाली, दुपारी ३:५२

दर वर्षी करताच तुम्ही, श्रीकांत. 🙂

अभय, दुपारी ४:१०

सॉरी, मी दिवसभर मीटिंगमध्ये होतो, हे सगळं आत्ता वाचलं. बाबांना काल रात्री झोप लागली नाही म्हणून मी सकाळी सहालाच ऑनलाइन स्टॉप पेमेंट टाकलं. ३० डॉलर कापले गेलेत. मंडळाने द्यावेत असं माझं काही म्हणणं नाही, फक्त चर्चा चालू होती म्हणून सांगितलं.

नाना, दुपारी ४:२५

माझे म्हणणे आहे.

मंजिरी, संध्याकाळी ६:१५

शाखेतून आले. मॅनेजरने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर केला, पेन्सिलचा '७' बघितला, मग स्लिपवरची सातवी ओळ बघितली. "हम्म" म्हणाला. टेलरला बोलावलं. त्या दिवशीचा गठ्ठा कालच फाडायला गेलाय. म्हणजे नाना, चेक कोणाच्याही ड्रॉवरमध्ये नाही, त्याचे तुकडे झालेत. तोंडबाजूचं चित्रच नाही म्हणून त्यावर पैसे मागता येत नाहीत, नवा चेक लागेलच. माफी मागितली. लेखी पत्र मागितलं तर म्हणाला, वर विचारावं लागेल.

स्टॉप पेमेंटच्या ३० चं विचारलं. म्हणाला, ते दुसऱ्या बँकेने घेतलेत, आम्ही दुसऱ्या बँकेची फी परत करू शकत नाही.

श्रीकांत, संध्याकाळी ६:३१

हे चालणार नाही. मंजिरी, तू "फी परत करा" म्हणू नकोस. "तुमच्या चुकीमुळे आमच्या देणगीदाराला ३० डॉलर भुर्दंड पडला, तेवढे आमच्या खात्यात जमा करा" असं म्हण. शब्दात फरक आहे. आणि राष्ट्रीय बँक आहे, त्यांच्यावर सरकारचं नियंत्रक कार्यालय आहे, तिथे तक्रारीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. अर्ज भरायचा नाही. भरता येतो एवढं सांगायचं.

संजय, संध्याकाळी ६:४०

झेल असतं तर ३० वाचले असते. मी गप्प बसतो.

निखिल, संध्याकाळी ७:०२

आता तसंही स्टॉप लागत नव्हतं, कागदच नाही. पण सकाळी सहाला ते कोणाला माहीत होतं? अभयने केलं ते बरोबरच.

नाना, बुधवार १४ जानेवारी, पहाटे ५:०५

चि. मंजिरी,
संक्रांतीच्या शुभेच्छा. रात्री विचार केला. ३० डॉलरसाठी कार्यकारिणी बसवू नये, तेवढ्याचा चहाच होईल. मी ५०१ मधून ३० वजा करून ४७१ चा चेक लिहिला आहे. शेवटी एक आहे, तेव्हा शकुनाला बाधा नाही. आधीची पावती रद्द करून ४७१ ची द्यावी, तारीख आजची. मिलिंदला सांगावे, मी मागची तारीख घातलेली नाही. चेक अभयबरोबर पाठवीत आहे. पाठीवर क्रमांक तू घाल.
नाना

सुधाकाकू, सकाळी ८:२०

नाना, अगदी बरोबर हिशेब.

श्रीकांत, सकाळी ८:४५

म्हणजे शेवटी मंडळानेच भरले की.

मंजिरी, शुक्रवार १६ जानेवारी, दुपारी २:१०

नानांचा चेक काल भरला. टेलरसमोर उभी राहिले आणि एकेक चेक वेगळा घालायला लावला. एकच होता, तरी.

श्रीकांतदादांच्या शब्दांत बोलले. नियंत्रकाचा ऑनलाइन अर्ज असतो हेही जाता जाता सांगितलं. आज खात्यात ३० जमा आहेत, शेरा 'कर्टसी क्रेडिट'. हॉलचे पैसे भरले.

मिलिंद, दुपारी २:२५

हे ३० कुठल्या सदरात दाखवणार? देणगी नाही, वर्गणी नाही.

श्रीकांत, दुपारी २:२८

किरकोळ जमा. माझ्या वेळी तेच सदर होतं. आणि मंजिरी, तिळगुळाच्या यादीत माझं नाव दोनदा आलंय.