ज्येष्ठ संघांनी फक्त वाढदिवसच साजरे करायचे का?

निवृत्त_शिक्षिका

हिंजवडीकर३४ यांची परवाची पोस्ट वाचून गप्प बसायचं ठरवलं होतं, पण बसवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: त्यांच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने मनपाच्या दवाखान्यासमोर निवेदनाचा कार्यक्रम केला आणि अर्धा तास रस्ता अडला. ज्येष्ठांना आधीच सगळं फुकट मिळतं. ‘आरोग्य सुधारणा’ हे त्यांचं नवं रिकामपणाचं काम. संघांनी हास्यक्लब, सहली आणि वाढदिवस एवढंच करावं, धोरण जाणकारांवर सोडावं.

सगळं फुकट? सत्तरीपुढच्यांसाठी वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. पाच लाखांचं कवच, उत्पन्नाची अट नाही. चांगली योजना आहे, कार्ड मीही काढलंय. पण ते चालतं कधी? ॲडमिट झालात तर. बीपी, शुगर, थायरॉईड, काचबिंदूचे थेंब, दर तीन महिन्यांच्या रक्ताच्या तपासण्या, म्हाताऱ्या माणसाचा पैसा जातो तो इथे. यातलं काहीही त्या कार्डात बसत नाही. झटका आला की पाच लाख, आणि तो येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी मात्र आपल्या खिशातून.

म्हणून वॉर्डातला दवाखाना धरावा लागतो. आमच्या इथे केसपेपरची खिडकी साडेअकराला बंद होते. औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी दिली की आतला माणूस काही नावांभोवती पेनाने गोल काढून चिठ्ठी परत करतो. गोल केलेलं बाहेरून घ्यायचं. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईंच्या चिठ्ठीवर चारपैकी तीन औषधांना गोल होते. पोळ्यांची कामं करतात त्या. म्हणाल्या, दोनदा घ्यायची गोळी मी एकदाच घेते, म्हणजे महिना निघतो.

आमच्या संघाने काय केलं? वही घातली. कुठलं औषध, कुठल्या तारखेला, कोणाला मिळालं नाही. मग माहिती अधिकारात विचारलं की औषधांची मागणी दवाखान्यातून कधी गेली आणि माल कधी आला. दोन्ही कागद घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसलो. आता शुगरचं मेटफॉर्मिन मिळतं. बीपीचं टेल्मिसार्टन अजून नाही, त्याच्या मागे आहोत. हे कुठल्या जाणकाराने केलं नाही, सत्तरीतल्या सात-आठ बायकांनी केलं.

आणि ही काही मेहेरबानी नव्हे. आई-वडील व ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २० वाचा. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांची वेगळी रांग, शक्यतो सगळ्यांना खाट, जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आजारांचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी. हे संसदेने लिहिलंय. ते जमिनीवर आहे की नाही, हे बघायला दुपारचा वेळ ज्यांच्याकडे आहे त्यांनीच जायचं ना?

हिंजवडीकर३४

मॅडम, तुमची वही चांगली आहे. पण माझा मुद्दा तुम्ही बाजूला सारला. ज्येष्ठांचे संघ आहेत, बॅनर आहेत, नगरसेवकाला घरी बोलवायला वेळ आहे. माझी मुलगी चार वर्षांची. आमच्या भागातल्या दवाखान्यात लहान मुलांचा डॉक्टर आठवड्यातून एकदाच, तोही आला तर. त्यावर कुठल्या संघाने निवेदन दिलं? आम्ही सकाळी आठला निघतो, रात्री नऊला येतो. आमच्या वतीने कोणी बोलत नाही. राजकारणी मतं मोजतो आणि मत द्यायला हमखास कोण येतं ते त्याला माहीत आहे. म्हणून एसटी फुकट होते आणि निम्मी गाडी अष्टविनायक करून येते. कर आम्ही भरायचा.

माणदेशी

निम्मी गाडी अष्टविनायकला? कधी एसटीत बसलायत का शेवटचं?

माझी आई ७८ वर्षांची. गाव तालुक्यापासून लांब, उपकेंद्रात बीपी मोजतात पण गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून आणाव्या लागतात. पंधरा दिवसांच्याच देतात, म्हणजे महिन्यातून दोन खेपा. ऑगस्ट २०२२ ला पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली तोवर आई एक खेप चुकवायची. दुसऱ्या पंधरवड्यात गोळी नाही. आम्हाला सांगायचीसुद्धा नाही, पोरांना खर्च नको म्हणून. आता पिशवीत आधारकार्ड टाकते, सकाळच्या गाडीने जाते, दुपारच्या गाडीने येते. माझ्या आईसाठी एसटी हीच आरोग्य योजना आहे. तुमच्या पाच लाखांच्या कार्डापेक्षा मोठी.

गोदाकाठचे_अण्णा

एसटीचं निघालंच आहे तर रेल्वेचंही बोला! मार्च २०२० मध्ये कोविडचं कारण सांगून ज्येष्ठांची सवलत काढली. पुरुषांना साठीपुढे ४० टक्के, बायकांना अठ्ठावन्नपुढे ५० टक्के होती. कोविड कधीच संपला, सवलत आली का? आमच्या संघाने ठराव केले, खासदारांना पत्रं दिली. उत्तर एकच, रेल्वे आधीच तिकिटात सूट देते. नाशिकहून मुंबईला उपचारांना जाणारा म्हातारा माणूस पूर्ण भाडं भरतो. हाच आरोग्याचा पहिला प्रश्न आहे असं माझं ठाम मत आहे.

जुना_कार्यकर्ता

अण्णा, रुग्णांच्या रेल्वे सवलती तेव्हाही काढल्या नव्हत्या. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना सवलत मिळते, दाखला लागतो. गेली ती सरसकट वयाची सवलत. दोन्ही एक करू नका, त्यानेच समोरच्याला बोलायला जागा मिळते.

गोदाकाठचे_अण्णा

दाखला आणायला आधी कुठे जायचं? मोठ्या रुग्णालयात. तिथे जायला काय लागतं? तिकीट. गुडघे तपासायला जाणाऱ्याला कर्करोगाचा दाखला कोण देणार? साठ वर्षं या देशाला कर दिला, आता सवलत मागितली तर भिकारी ठरतो का आम्ही?

हिंजवडीकर३४

बघा, हेच म्हणत होतो. धागा दवाखान्याचा आणि चर्चा तिकिटाची. दहा संघांना विचारा काय हवं, नऊ म्हणतील रेल्वे. मॅडमची वही अपवाद आहे.

माणदेशी, तुमच्या आईबद्दल काही म्हणायचं नाही. पण गोळ्या गावातल्या उपकेंद्रात का नाहीत, हा प्रश्न आहे. एसटी फुकट करून सरकारने तो प्रश्न झाकला.

माणदेशी

झाकला नाही, निभावला. गावात गोळ्या येतील तेव्हा येतील, तोवर आईने काय करायचं? आणि “निम्मी गाडी” हे तुम्ही न बघता लिहिलंत. आमच्या सकाळच्या गाडीत पुढच्या चार सीटवर बसलेली माणसं कुठे चाललेली असतात ते मी नावानिशी सांगू शकतो. एक डायलिसिसला. दोघी डोळ्यांना. एक बँकेत, पेन्शन बघायला.

न्यूजर्सीतून

मी लांबून वाचतोय. आई-बाबा ठाण्यात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. वय वंदना कार्डासाठी बाबांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेचनात. रेषाच राहिल्या नाहीत. केंद्रावरून तीनदा परत पाठवलं. शेवटी शेजारच्या संघातल्या एका काकांनी सांगितलं की ॲपमध्ये चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, आणि घरी येऊन मोबाईलवर काढून दिलं. हे केंद्रावरच्या माणसाने सांगायला हवं होतं. संघ नसता तर कार्ड निघालं नसतं.

गोदाकाठचे_अण्णा

मुलगा अमेरिकेत आणि कार्ड शेजाऱ्याने काढायचं! आधी स्वतः येऊन आई-वडिलांचं बघा, मग इथे लिहा.

न्यूजर्सीतून

अण्णा, माझ्या आई-वडिलांनी मला कसं वाढवलं आणि मी त्यांचं काय करतो हे तुम्हाला माहीत नाही. मी वर्षातून दोनदा येतो, औषधं महिन्याची महिन्याला ऑनलाईन पाठवतो. पण ठसे उमटत नाहीत हा माझ्या अमेरिकेत असण्याचा दोष आहे का? गवंडीकाम केलेल्या, भांडी घासलेल्या हजारो म्हाताऱ्यांचे ठसे उमटत नाहीत आणि त्यांची मुलं त्यांच्याच घरात राहतात.

निवृत्त_शिक्षिका

अण्णा, हे नको. या धाग्यावर कोणाच्या मुलांचा हिशोब नको. ठशांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आम्हीही पुढच्या बैठकीत घेतो.

नर्सिंगहोमवाला_डॉक्टर

सगळे बोलले, आता माझ्यासारख्याचंही ऐका. पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे, बायकोही डॉक्टर. नर्सिंग होम कायद्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले: दरपत्रक लावा, रुग्ण हक्कांची सनद लावा, तक्रारीसाठी मनपाचा कक्ष. लावलं. आता गंमत अशी की संघाचे तीन-चार जण फाईल घेऊन येतात, रिसेप्शनवरच्या मुलीला दरडावतात, फोटो काढतात. बोर्ड समोर असताना! ज्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांच्या लॉबीत बोर्ड शोधून सापडत नाही, तिथे यांची फाईल जात नाही, कारण तिथे सुरक्षारक्षक असतो. फायर एनओसी, बायोमेडिकल कचरा, सोनोग्राफीचे रजिस्टर, लिफ्ट, हे सगळं सांभाळून मी रात्री अडीचला उठून पेशंट बघतो. सरकारी योजनेत होतो, पॅकेजचे दर परवडेनात म्हणून बाहेर पडलो. राजस्थानात २०२३ ला आरोग्य हक्काचा कायदा आला तेव्हा डॉक्टर रस्त्यावर का उतरले याचा विचार करा. हक्क तुमचा आणि बिल कोणाचं, हे कायद्यात स्पष्ट नव्हतं.

जुना_कार्यकर्ता

डॉक्टर, रिसेप्शनवरच्या मुलीला दरडावणं चूकच, त्यात दुमत नाही. पण महाराष्ट्राने दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारला नाही. हातात आहे तो १९४९ चा नर्सिंग होम कायदा आणि त्याचे हे नियम. शहरात त्याची अंमलबजावणी मनपाचा आरोग्य विभाग करतो. म्हणजे आरोग्य सुधारणा दिल्लीत व्हायची वाट बघायची गरज नाही, निम्मी तुमच्या वॉर्ड ऑफिसातच अडकलेली आहे. आणि पुण्यात मार्च २०२२ नंतर किती काळ सभागृहात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, हे आठवा. त्या काळात विचारायला कोण जात होतं?

धर्मादाय रुग्णालयांचंही तेच. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. निर्धनाची उत्पन्न मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलाची ३ लाख ६० हजार. किती ज्येष्ठांना माहीत आहे? बिलाच्या खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही.

आता एक गोष्ट संघांनाही सुनावतो. खेड्यातल्या बायकांनी हे तुमच्या आधी केलंय. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच नजर ठेवायची. जनसुनवाईत बायका उठून विचारायच्या की प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध नव्हतं त्या दिवशी तुम्ही कुठे होता. समोर डॉक्टर आणि तालुक्याचे अधिकारी बसलेले. त्यात म्हातारे होते, गरोदर बायका होत्या, लहान मुलांच्या आयाही होत्या. फक्त ज्येष्ठांसाठी मागाल तर हिंजवडीकरांसारखा माणूस विरोधातच उभा राहणार.

निवृत्त_शिक्षिका

कार्यकर्तेसाहेब, मान्य. पण आम्ही “फक्त ज्येष्ठांसाठी” मागितलं कुठे? मेटफॉर्मिन चाळिशीतल्या रिक्षावाल्यालाही लागतं आणि आता त्यालाही मिळतं.

डॉक्टर, तुम्हाला त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. तरी सांगते, दरपत्रक लावलेलं असणं आणि बिल त्याप्रमाणे असणं या दोन गोष्टी आहेत. माझ्या नवऱ्याच्या वेळी बोर्ड होता. बिलात ‘इतर साहित्य’ अशी एक ओळ होती आणि तिचा आकडा खोलीच्या भाड्याहून मोठा होता. तपशील मागितला तर म्हणाले, डिस्चार्ज लांबेल. त्या दिवशी मी पैसे भरले, कारण त्यांना घरी न्यायचं होतं. ती ओळ कोणी विचारायची? फाईल घेऊन येणारी माणसं तुम्हाला खुपतात, पण ती तशीच तयार झालेली नाहीत.

नर्सिंगहोमवाला_डॉक्टर

तपशील मागणं हा पेशंटचा हक्क आहे आणि तो द्यायलाच हवा, यावर वाद नाही. जे झालं ते वाईट झालं. पण मग मोठ्यांकडे जा. आधी तिथे जाऊन दाखवा, माझ्याकडे नंतर या, मी चहा देईन.

हिंजवडीकर३४

ठीक आहे. संघांनी वाढदिवसच करावेत हे वाक्य मी सोडतो, वही घालणारे संघ असतील तर. रस्ता अडवणं मात्र मला अजूनही पटत नाही आणि रेल्वेच्या सवलतीसाठी माझा पाठिंबा मागू नका. तुमच्या वहीत लहान मुलांच्या डॉक्टरसाठी एक रकाना घालाल का? किती वाजता आला, आला की नाही. मला तिथे सकाळी उभं राहता येत नाही.

निवृत्त_शिक्षिका

रकाना घालते, पण तुमचा दवाखाना आमच्या वॉर्डात नाही. तुमच्याच भागातल्या संघाकडे जा, ज्यांनी रस्ता अडवला त्यांच्याकडे. त्यांना माहिती अधिकाराचा अर्ज लिहून द्या, संगणक तुम्हाला येतो. लसीकरणाच्या दिवशी खिडकीवर कोणी ना कोणी ज्येष्ठ असतोच, तो वेळ टिपून ठेवेल. आणि जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी एक सुट्टी काढा.

माणदेशी

सुट्टी काढाल तेव्हा एसटीनेच जा.

गोदाकाठचे_अण्णा

आणि रेल्वेचं काय ठरलं? ठरावाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. कोणी सही करणार असेल तर सांगा.