मिक्सरचा कपलर पुन्हा तुटला: नवा कपलर, जार, कार्बन घेताना काय काय जुळवायचं?

चटणीजार

७५० वॅटचा, तीन जारचा मिक्सर आहे. मॉडेल कंपनीने बंद केलंय. मोटरवरचा काळा प्लास्टिकचा कपलर (जारच्या तळाशी अडकून ब्लेड फिरवणारा दातेरी तुकडा) पुन्हा तुटला. ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून दुकानात जो मिळाला तो मोटरवर बसतो, पण जार लॉक व्हायला जोर लावावा लागतो आणि चालू केल्यावर खडखड येते. दाते जुन्याइतकेच आहेत, ६. व्यासही तोच.

१) मग चुकतंय काय?
२) धातूचा कपलर मिळतो म्हणे, तो घ्यावा का?
३) वेग वाढवला की आत ठिणग्या दिसतात. कार्बनही (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारे तुकडे) आत्ताच बदलून टाकू का?

पाना_पक्कड

सगळ्यांना चालणारा कपलर नसतोच. दुकानदार ज्याला तसं म्हणतो तो जास्त खपणाऱ्या दोन-चार मॉडेलांचा असतो. दाते आणि व्यास डोळ्यांना दिसतात म्हणून लोक तेवढ्यावर घेतात. फसगत होते ती उंचीत आणि आट्यांत.

उंची तपासायला कणीक वापरा. प्लग काढा, मोटरवरच्या कपलरवर कणकेची छोटी गोळी ठेवा, जार नेहमीसारखा बसवून लॉक करा आणि सरळ वर उचला. चपटी झालेली कणीक एक-दीड मिमी जाड उरली तर उंची बरोबर. कागदासारखी पातळ झाली किंवा फाटली तर कपलर उंच आहे. जार त्याच्यावर टेकतो, लॉक होत नाही आणि दाब थेट मोटरच्या बेअरिंगवर जातो. तुमची लक्षणं हीच दिसतायत. उलट ४-५ मिमी कणीक उरली तर दाते फक्त टोकाला अडकतायत, ते जड वाटणात तुटणारच. उंच कपलर कानशीने घासून बसवू नका. एकसारखा घासला जात नाही, आणि त्या वेगाला थोडासा तिरकेपणाही मिक्सर थरथरवतो.

आट्यांचं सोपं आहे. नवा कपलर हाताने शेवटपर्यंत फिरत गेला पाहिजे. दोन आट्यांनंतर अडला तर त्याचे आटे वेगळे आहेत. पान्याने रेटून नेलात तर शाफ्टचे, म्हणजे मोटरच्या दांड्याचे, आटे जातील, आणि शाफ्ट गेला म्हणजे अख्खं आर्मेचर, मोटरचा फिरणारा भाग, गेलं.

काढताना उलटं फिरवून कपलर फोडणारे खूप असतात. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला की तो सुटतो, कारण चालताना भाराने तो विरुद्ध बाजूला आवळला जातो. बऱ्याच मिक्सरमध्ये ही दिशा घड्याळाच्या काट्याची, म्हणजे नेहमीच्या नटाच्या उलट. खात्री नसेल तर जारमधलं ब्लेड वरून बघा. धार ज्या बाजूला आहे तिकडे मोटर फिरते. शाफ्ट धरायला खालचं झाकण उघडावं लागतं. तिथे शाफ्टच्या टोकाला बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरची खाच असते. पंख्याच्या पात्याला धरून जोर लावू नका, पातं मोडतं. मोटरची वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र झाकण उघडण्याआधी कंपनीला विचारा.

दुकानात जाताना तुटलेला कपलर आणि एक जार, दोन्ही घेऊन जा. नुसत्या मॉडेल नंबरवर अवलंबून राहू नका, एकाच नावाखाली दोन वेगळे कपलर येऊन गेलेले असतात. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली. तिथे सुटे भाग समोरासमोर लावून बघता येतात.

बुश_वॉशर

कपलर बदलाच, पण आधी तो कशामुळे तुटतोय ते शोधा. खालचा कपलर एक आणि त्यावर बसणारे जार तीन. त्यातला एक जरी खराब असेल तरी प्रत्येक नवा कपलर तोच खातो.

तिन्ही जार रिकामे करून उलटे धरा आणि तळाचा कपलर एका बोटाने फिरवा. अलगद फिरला पाहिजे. जड जात असेल तर बुश, म्हणजे ब्लेडचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, आवळलाय. हे बहुतेक चटणीच्या जारमध्ये होतं, कारण मीठ आणि ओला मसाला वॉशरखालून बुशमध्ये उतरतो आणि वाळून घट्ट होतो. आता ब्लेड धरून आडवं हलवा. स्पष्ट खेळ लागत असेल, किंवा वाटणात काळपट तेलकट ओघळ येत असेल, तर बुश झिजलाय आणि वॉशर गेलाय. तेव्हा बुश, वॉशर, ब्लेड असा पूर्ण सेटच बदला. झिजलेल्या शाफ्टवर नवा बुश टिकत नाही. शेवटी जारच्या कपलरचे दाते बघा. कडा गोल झाल्या असतील तर तोही बदला, नाहीतर तो घसरून नव्या दात्यांची तीच गत करेल.

धातूच्या कपलरबद्दल: नको. प्लास्टिकचा कपलर इथे फ्यूजचं काम करतो. हळकुंड ब्लेडखाली अडकलं की तो तुटतो आणि मोटर वाचते. धातूचा तुटत नाही, मग धक्का शाफ्टला आणि ब्लेडला जातो, आणि मोटरची गुंडाळी तापते ती वेगळीच.

जार बदलणार असाल तर तळाच्या कड्याचा व्यास आणि लॉकच्या खुंट्या जुळवा. काही मिक्सरमध्ये जारची खुंटी आतला सुरक्षेचा स्विच दाबते. खुंटी आखूड असेल तर जार बसतो पण मोटर चालूच होत नाही, आणि लोक मोटर जळाली समजतात.

ठिणगी

कार्बनबद्दल. बारीक निळसर ठिणग्या, त्याही कार्बनच्या टोकाशीच, हे चालायचंच. पिवळट, मोठ्या आणि फडफडणाऱ्या असतील तर कार्बन काढून मोजा. लांबी ६ मिमीच्या खाली गेली असेल तर बदला, आणि जोडीनेच बदला. एकच बदललात तर दोन्हीकडचा स्प्रिंगचा दाब वेगळा होतो.

घेताना रुंदी आणि जाडी होल्डरशी जुळवा. कार्बन होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकला तर झिजल्यावर पुढे येणार नाही, सैल असेल तर थरथरून ठिणग्या काढेल. जुने अजून चांगले असतील तर ज्या बाजूचा त्याच बाजूला, त्याच तोंडाने परत घाला, टोकाचा गोलावा तसाच बसलेला असतो. नवे घातले की बिनभाराने पहिल्या वेगावर दोन-तीन मिनिटं चालवा. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल, काळा पडला असेल तर बारीक सँडपेपर हलका फिरवा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात.

ठिणगी कम्युटेटरभोवती पूर्ण कड्यासारखी फिरत असेल तर दोष आर्मेचरमध्ये आहे. मग कार्बनवर खर्च करू नका.

चटणीजार

कणीक पार फाटली. चटणीचा जार बोटाने फिरतच नाही, बाकीचे दोन मोकळे आहेत. ब्लेडला खेळ नाही, ओघळही नाही. तेल घालून मोकळा होईल का? ठिणग्या बारीकच आहेत, कार्बन १० मिमी.

बुश_वॉशर

खेळ नसेल तर वाचेल. तळ बुडेल इतकं कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग ब्लेड हाताने दोन्हीकडे फिरवा. मोकळं झालं की धुऊन पूर्ण वाळवा आणि उलटा धरून बुशमध्ये साध्या लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब सोडा, केमिस्टकडे मिळतं. गोडेतेल नको, ते कालांतराने चिकट होऊन पुन्हा आवळतं. तरीही जड राहिला तर सेट बदला, आणि तोवर तो जार नव्या कपलरवर चढवू नका.

पाना_पक्कड

कार्बन राहू द्या. आणि दुकानात तुटलेला कपलर नेताना त्याचे तुकडेही घ्या, उंची त्यावरूनच मोजता येईल.