जानेवारीत मिनियापोलिसला लेकीच्या बाळंतपणाला जातेय, बॅगेत काय भरू?

नौपाड्याची_आई

नमस्कार. लेक अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला असते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. मी १० जानेवारीला एकटीच निघते आहे. वय ६२. आजवर पाहिलेली थंडी म्हणजे महाबळेश्वर, तेही दोन रात्री.

२३-२३ किलोच्या दोन बॅगा न्यायच्या आहेत. जांभळी नाक्याहून दोन जाड स्वेटर, शाल आणि रजई आणली, तेवढ्यातच एक बॅग भरली. दुसरीत बाळंतविडा, मिक्सर, कुकर, तवा, डिंक, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, कढीपत्ता आणि पाच किलो आंबेमोहोर. लेक म्हणते, "आई, काही आणू नकोस." पण बाळंतपणाला रिकाम्या हाताने कसं जायचं? काय ठेवू, काय काढू?

सानपाडा_आजी

ताई, २०१९च्या जानेवारीत मी तिथेच होते, याच कामासाठी. महिनाअखेरीला पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला. शाळा बंद, टपालवाटपसुद्धा थांबवलं होतं. दारातून बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस कडक होतात, ते आतून जाणवतं. त्या थंडीला आपलं स्वेटर पुरत नाही, वारा आरपार जातो.

म्हणून पहिली बॅग रिकामी करा. रजईसुद्धा काढा, घरं आतून चांगली गरम असतात. इथून फक्त अंगालगत घालायचे थर्मलचे तीन जोड न्या. जाड जॅकेट आणि बर्फातले बूट तिथेच घ्या. मिनेसोटात कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर नाही. लेकीला तुमचं माप आत्ताच कळवा आणि दोन्ही विमानतळावरच घेऊन यायला सांगा. बूट एक नंबर मोठा, आत लोकरीचा मोजा मावला पाहिजे. हातमोजे चार बोटं एकत्र राहतात तसले घ्या, ते जास्त ऊब धरतात.

हे एवढं सांगते त्याला कारण आहे. मी साडी आणि कापडी बूट घालून गेले होते. पहिल्याच दिवशी फुटपाथवरच्या मीठ टाकलेल्या चिखलबर्फात निऱ्या भिजल्या, बूट भिजले. मग पाच आठवडे मी घराबाहेर पडलेच नाही. बाळाचं सगळं हौसेनं केलं, पण संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधार पडायचा आणि मला रोज रडू यायचं. लेक ओली बाळंतीण, तिला सांगू कशी? शेवटी जावयांनी बूट आणून दिले. मग रोज अकरा वाजता पंधरा मिनिटं चालायला लागले. जवळचा तलाव पूर्ण गोठलेला, त्यावर माणसं स्टुलावर बसून बर्फाला भोक पाडून मासे धरत होती. तुमच्या ठाण्यासारखं त्या गावालाही तलावांचं शहरच म्हणतात, ताई. तलावपाळीला फेरी मारायची सवय असेल तर ती तिथे मोडू नका. बॅग भरताना घरात काय लागेल याच्याआधी बाहेर पडायला काय लागेल ते बघा. सलवार-कमीज न्या, साडी बारशापुरती एक.

ऐरोली_सेक्टर८

काकू, खाण्याच्या सामानाचं सांगतो. तांदूळ काढा. खपरा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीने आपल्याकडचा तांदूळ प्रवाशांच्या सामानातून आत घेत नाहीत. ओला कढीपत्ताही नाही, त्यावरच्या किडीमुळे तिकडच्या लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लागतो. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. डाळी, पिठं, मसाले तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात.

मिक्सर घरीच ठेवा. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३०चा. पिन बदलून बसेल, पण दाण्याचं कूट होणार नाही. कुकर जरूर न्या, जादा रबर आणि शिट्टीसकट. शेगडी बहुतेक काचेची सपाट असेल, तर बूड बाहेर आलेला तवा टेकणार नाही.

खायचं काही आणलंय का विचारलं तर सरळ हो म्हणा आणि बॅग दाखवा. लपवलं तर दंड होतो.

खारघर_सिस्टर

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव हवं, आपल्या ब्रँडचं नाव तिथे ओळखत नाहीत. त्वचा फार कोरडी पडते, पेट्रोलियम जेली जवळ असू द्या. आणि बाळाला धुरी देऊ नका. घरात धूर झाला की इशाऱ्याचा भोंगा वाजतो ते आहेच, पण तो धूर तान्ह्याच्या छातीलाही चांगला नाही. घरचं काजळही नको.

नौपाड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रजई, स्वेटर, मिक्सर, तवा, तांदूळ, खोबरं, कढीपत्ता बाहेर काढलं. लेकीला बुटाचं माप कळवलं. सानपाड्याच्या ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं सांगितलंत.

एकच विचारते. माझ्या आईच्या नऊवारीची चार दुपटी आणि एक छोटी गोधडी शिवली आहे. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं सूत आहे. ती नेऊ ना?

सानपाडा_आजी

दुपटी सगळ्यात वर ठेवा, पहिल्या दिवसापासून लागतील. गोधडी बाळ जागं असताना मांडीवर घेऊन बसायला. झोपवताना अंगावर नको, तिथले डॉक्टरही तेच सांगतील.